नॉमिनी

रविवारी साडेनऊला
तिकडे चर्चमध्ये दुसरं गीत संपतं
आणि इकडे कपाटात, त्यांच्या घडी घातलेल्या शर्टांखाली
फोन बोलायला लागतो.
टिंग.
टिंग टिंग.
माणूस जाऊन तेवीस दिवस झाले,
अर्पण अजून त्यांनाच येतंय.

चूक कुणाची म्हणू?
लॉकडाउनमध्ये दारं बंद, पाळकांचा पगार थकलेला,
कमिटीच्या खात्याला लागायच्या तीन सह्या,
त्यातला एक सहीवाला गुलबर्ग्याला अडकलेला.
सेक्रेटरी वाघचौरे म्हणाले,
"तात्पुरतं तुमच्याच नंबरवर घेऊ, खजिनदार.
तुमच्यावर कुणाचा विश्वास नाही?"
विश्वास होता. तेच तर झालं.
सात रस्त्याला कोड छापून आणला, लॅमिनेट केला,
वर निळ्या अक्षरांत: प्रभूच्या कार्यासाठी.
खाली बारीक: एलकाना दा. शिरसाट.
तात्पुरतं पाच वर्षं टिकलं.

मिलमध्ये टाइमकीपर होते हे.
दोन मिनिटं उशीर झाला तर सख्ख्या मेव्हण्याचीही हजेरी कापली.
असा माणूस. पहिली दोन वर्षं वहीत रुपयान् रुपया उतरवला.
मग मोतीबिंदू, मग गुडघे, मग
"फोनमध्ये सगळं असतंय की" म्हणायला लागले.
शेवटच्या पानावर एवढंच आहे: नंतर बघणे.

बँकेतली पोरगी चांगली होती. पाणी दिलं.
म्हणाली, खातं एकच आहे काकू,
त्यात पेन्शन कुठली, गॅसचे कुठले, चर्चचे कुठले,
आम्हाला कसं कळणार?
नॉमिनी तुम्ही.
रूबेन पुण्याहून म्हणतो, आई, कशावरही सही करू नकोस.
वाघचौरे दोनदा आले.
एकदा सांत्वनाला, एकदा कागद घेऊन.
कागदावर दोन लाख ऐंशी हजार, पुढे कंसात "अंदाजे".
दुसऱ्या वेळी चहा घेतला नाही त्यांनी.

पूर्वी मखमली थैली फिरायची, मीच शिवलेली.
दुपारी चादरीवर नाणी ओतून आम्ही दोघं चळती लावायचो,
हाताला तांब्या-पितळेचा वास,
आणि कुणाचं काय, हे देवालाच ठाऊक.
आता मला ठाऊक आहे.
पिन म्हणजे त्यांचा मिलमधला टोकन नंबर.
उघडायला नको होतं. उघडलं.
मरियम्मा येमूल. हजार बिड्या वळल्या की हातात काय पडतं
ते सोलापुरात कुणाला सांगायला नको.
तिचे अकरा रुपये, एकही रविवार चुकलेला नाही.
प्रार्थनेत ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा, ते लोखंडे:
एक रुपया, सोबत शब्द "टेस्ट", पुन्हा कधीच नाही.
आणि एक जण. रात्री दोन वाजून दहा मिनिटं. पाच हजार.
सोबत नुसतं "माफ".
त्याचं नाव मी इथेही घेत नाही.
उद्या त्याच बाकावर बसायचंय मला,
त्याच्या बायकोला गीताचं पान दाखवायचंय.

काल शनिवारी उलथणं घेऊन गेले.
शिपाई हनोखने दार उघडलं, काही विचारलं नाही.
ऊन असं की लोखंडी दाराला हात लावता येईना.
कोड निघाला तुकड्यातुकड्यानं,
नाव मात्र अर्धं चिकटून राहिलं,
एलका.
पुढे खरवडायला हात उचलेना.
ट्रंकेतून थैली काढली, झटकली.
शिवणीत एक चार आणे निघाले.

आणि आज पहाटेआधी, दोन वाजून दहाला,
टिंग.
कुणीतरी कोडचा फोटो काढून ठेवलाय.
पडून राहिले थोडा वेळ. पंखा गरम वारा फिरवत होता.
मग उठले, शर्ट बाजूला सारले.
बॅटरी लाल झाली होती.
फोन चार्जिंगला लावला.